आबांचा निळा फोटो

दुकानात गिऱ्हाईक आलं की बहुतेक वेळा दोनांपैकी एक वाक्य येतं. "ताई, फोटो बारीक करून द्या," नाहीतर "ताई, फोटो बसत नाहीये." अमळनेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. सीझन असला की दिवसाला तीस-चाळीस फोटो माझ्या हातून बारीक होतात. आमच्या गावाचं कॉम्प्युटरशी नातं तसं जुनं. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि कुणाच्या आजोबांनी घेतलेल्या शेअरची गोष्ट आजही चहाच्या टपरीवर निघते. माझ्या वाट्याला त्यातलं आलं ते पन्नास केबीचं काम.

हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जो घोळ सांगणार आहे तो याच बाईनं घातला, दुसऱ्या कुणी नाही.

आधी दुकानातलं. आयबीपीएसचा, म्हणजे बँकेच्या परीक्षेचा फॉर्म घ्या. फोटोचं वजन २० ते ५० केबी, माप २०० गुणिले २३० पिक्सेल, म्हणजे ठिपके. सही १० ते २० केबी, १४० गुणिले ६०. मुलगा येतो तो मोबाईलवर काढलेला, चार एमबीचा फोटो घेऊन. ४००० गुणिले ३००० म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, आणि फॉर्मला हवेत ४६ हजार. पोरं करतात काय, तर कुठलंतरी ॲप घेऊन केबीची पट्टी खाली ओढत बसतात. ठिपके तेवढेच ठेवून नुसतं वजन उतरवायला गेलं की जेपीजी फोटोची चाळणी होते. जेपीजी हा प्रकार चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो आणि एकेका चौकोनातले बारकावे गाळून वजन कमी करतो. फार गाळलं की ते चौकोन डोळ्यांना दिसायला लागतात. केसांच्या कडेला, शर्टाच्या कॉलरला, सहीच्या रेघेभोवती धुरळा उडाल्यासारखं होतं. म्हणून आधी लांबी-रुंदी कमी करायची. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर ठिपके पाव होतात, वजन आपोआप उतरतं, आणि मग केबीची पट्टी थोडीशीच ओढावी लागते. बरेचदा लागतही नाही.

दुसरा प्रकार स्क्रीनशॉटवाल्यांचा. फोटो स्क्रीनवर उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, चेहरा मध्ये आणून स्क्रीनशॉट मारायचा. झाला पासपोर्ट फोटो! अरे, पण स्क्रीनशॉट म्हणजे तुझ्या काचेवर जेवढं दिसतंय तेवढंच. मूळ फोटोतले ठिपके मागे राहिले, आणि वर बॅटरीचा टक्काही आला फोटोत. शिवाय पुष्कळ फोनमध्ये स्क्रीनशॉट पीएनजी या दुसऱ्याच प्रकारात साठतो आणि फॉर्मला हवा असतो जेपीजी. मग फाईलचं नाव बदलून शेवटी जेपीजी लिहितात. नाव बदललं म्हणून आतला माल थोडाच बदलतो?

उलटं करून मागणारेही असतात. लहान फोटो मोठा करून द्या. त्यांना मी मांड्यांचं सांगते. आमच्याकडे खापरावरचे मांडे करताना पुरण भरलेला उंडा हातावर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करतात. बाईच्या हातात कसब असेल तर मांडा रुमालाएवढा होतो. पण कणीक तेवढीच. एका मर्यादेच्या पुढे ताणला की पुरण बाहेर येतं आणि मांडा फाटतो. फोटोत जेवढे ठिपके तेवढी कणीक. हे बायकांना लगेच पटतं. पुरुष म्हणतात, "तरी पाहा ना ताई, होतं का."

तर अशी मी शहाणी.

आबा, माझे वडील, गेल्या श्रावणात गेले. यंदाची आखाजी ही त्यांची पहिली घागर. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याच दिवशी पितरांच्या नावानं मातीची घागर भरून पुजतात. घागरीच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, सोबत सांजोऱ्या आणि आंबे. झोका आणि घागर एकाच दिवशी. लहानपणी मला झोकाच ठाऊक होता.

नानाचा, माझ्या भावाचा फोन आला. "आबांचा मोठा फोटो लागेल. बारा बाय अठराचा. तू कर, तुझं तर दुकानच आहे."

आबांना फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की बैलाला पाणी पाजायचं आठवायचं त्यांना. बरा म्हणावा असा फोटो एकच, २००१ सालचा, माझ्या लग्नाच्या अल्बममधला. कडक इस्त्रीची पांढरी टोपी, टोपीची कड किंचित उजवीकडे झुकलेली, आणि चेहऱ्यावर 'आटपा लवकर' असा भाव. आबा गेले तेव्हा श्रद्धांजलीचा मेसेज करायला मी त्याच फोटोचा मोबाईलवर फोटो काढला होता. फोनमधला तो मूळ फोटो तेव्हाच, जागा होत नाही म्हणून, पुसला गेला. उरला तो घरच्या ग्रुपवर टाकलेला. ज्या ॲपवरून सगळं जग रोज सकाळी सुप्रभात पाठवतं, त्यावरून नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास येते. हे मला माहीत होतं. दिवसातून पाच वेळा मी लोकांना सांगते, "फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." पण अल्बम माहेरी, पांझरेकाठी, आणि मी अमळनेरला. म्हटलं चालून जाईल.

रात्री गच्चीवर गाद्या टाकल्या होत्या. उन्हाळ्यात अमळनेरला घरात झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं, त्यात लाईट गेलेली. बाजूला लेक झोपलेली, तिच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून मी ब्राइटनेस पार तळाला नेला, वरून उजेड आणखी उतरवणारं एक्स्ट्रा डिमही लावलं. आणि मावळतीपासून उजाडेपर्यंत माझ्या फोनला डोळ्यांचं संरक्षण आपोआप चालू होतं, ते तर होतंच. स्क्रीनमधला निळा उजेड कमी करून सगळं पिवळसर करणारं ते. मी एकदा कधीतरी लावलं आणि विसरले. माणूस पिवळ्या उजेडाला पाच मिनिटांत सरावतो, मग त्याला तो पिवळा वाटत नाही.

फोटो उघडला. आबा काळवंडलेले दिसले. एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, वाढवलं. तरी काळे. अजून वाढवलं. आता टोपी पिवळी वाटायला लागली, जुन्या फोटोचं होतंच असं, म्हणून रंगाची पट्टी निळ्याकडे नेली. अजून थोडी. टोपी पांढरीशुभ्र दिसली तेव्हा थांबले. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आबा अगदी समोर बसल्यासारखे. फोटो तसाच, त्याच ॲपवरून, धुळ्याला प्रिंट काढणाऱ्याला पाठवून दिला आणि झोपले.

तीन दिवसांनी फ्रेम घेऊन थेट माहेरी गेले. ओसरीत भिंतीला टेकवून ठेवली.

माय आली, पदराला हात पुसत. फोटोकडे पाहिलं. जवळ आली. मग आमच्या अहिराणीत म्हणाली, "हाऊ कोन शे?" हा कोण आहे?

टोपीची कड नव्हती. शिवण नव्हती, इस्त्रीची घडी नव्हती, कपाळाच्या वर नुसता पांढरा डाग. फोटोत एकदा एखादी जागा ठार पांढरी झाली की तिथे काही उरतच नाही. नंतर कितीही काळोख ओता, पांढऱ्याचं करडं होईल पण शिवण परत येणार नाही. चेहऱ्यावर निळसर छटा, जशी थंडीत ओठांवर येते. आणि जवळून पाहिलं तर हनुवटीपाशी ते चौकोन. माझेच चौकोन, रोज पोरांना दाखवते ते. १६०० ठिपके अठरा इंचांवर पसरले तर इंचाला नव्वदही येत नाहीत. मांडा फाटला होता.

नाना काही बोलला नाही. नाना बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मी फोन काढून दाखवायला लागले, की पाहा, माझ्याकडे तर चांगला दिसत होता. मायनं फोन हातात घेतला आणि एक गंमत केली. आधी डावा डोळा हातानं झाकला, मग उजवा. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होळीनंतर झालं होतं, डाव्याचं अजून बाकी. ऑपरेशन झाल्यापासून तिचा हा उद्योगच झाला होता. भिंतीचा चुना, दूध, तांदूळ, काहीही पांढरं दिसलं की एकेक डोळा झाकून पाहायचं. डाव्यानं पिवळट, उजव्यानं पांढरं. दोन्ही डोळ्यांनी वीस वर्षं ती पिवळाच चुना पाहत होती आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. वयानं डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं, ते काढून नवं बसवलं की निळा रंग पुन्हा आत यायला लागतो. डॉक्टरांनी तिला असंच सांगितलं होतं.

फोन दोन्ही डोळ्यांनी पाहून झाल्यावर तिनं निकाल दिला. "तुन्हा फोनले मोतीबिंदू व्हयेल शे."

मी हसले, आणि मग हसता हसता थांबले. दिवेलागण झाली होती, म्हणजे फोन पिवळ्या उजेडात गेलेला. ती पिवळी छटा फोटोत नव्हतीच, काचेवर होती. मी काचेचा रोग फोटोतून काढत बसले होते.

खात्री करायला फोटो उघडून स्क्रीनशॉट मारला आणि नानाच्या फोनवर पाठवला. तिथे आबा निळेच. माझ्या फोनवर पिवळेपणा येतो तो स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. तो शेवटच्या पायरीला, काचेपाशी चढतो. फोटो बिघडलाय की डिस्प्ले, हे ओळखायला ही युक्ती आता मी दुकानातही वापरते. स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवा. तिथेही डाग दिसला तर डाग चित्रात, नाही दिसला तर तुमच्या काचेत. हिरवी रेघ आलेल्या फोनवाल्यांना तर मी हेच सांगते, आणि ते हिरमुसतात, कारण फोटोतली रेघ दहा रुपयांत निघते, काचेतली नाही.

दुसऱ्या दिवशी अल्बम घेऊन अमळनेरला परतले. आखाजीला दोन दिवस उरले होते.

मूळ फोटो चार बाय सहा इंचांचा. अल्बमच्या चिकट पानावरून तो काढायलाच अर्धा तास गेला; दोरा घेऊन, कोपऱ्यातून सरकवत, श्वास रोखून. स्कॅनरची काच पुसली, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपक्यांनी, स्कॅन केला. २४०० गुणिले ३६०० ठिपके आले. बारा बाय अठराला इंचाला दोनशे. भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून पाहत नाही, दोनशे पुरतात. कणीक पुरेशी होती.

मग माझा फोन. डोळ्यांचं संरक्षण बंद. एक्स्ट्रा डिम बंद. ब्राइटनेस आपोआप कमी-जास्त करणारं अडॅप्टिव्ह बंद, कारण पंख्याखालून दारात गेलं तरी तो बदलतो. पट्टी मधोमध. रंगांचा मोड भडकवरून नॅचरलवर. दुकानातून नवा फोन येतो तो बरेचदा भडक मोडवरच असतो, त्यात कैरीसुद्धा पिकल्यासारखी दिसते. आणि शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवला. कागदाचा पांढरा आणि टोपीचा पांढरा नजरेसमोर एकत्र असले की हात आवरतो. उजेड इतकासाच वाढवला. टोपीवर इस्त्रीची घडी दिसत राहिली. रंगाला हात लावला नाही. जुन्या फोटोची थोडी तांबूस छटा आहे ती आहे, २००१ सालचा माणूस आहे तो. पेनड्राइव्हवर घालून ह्यांना मोटरसायकलवरून धुळ्याला पिटाळलं.

ह्या सगळ्यात नानाचाही एक फोन येऊन गेला. तो दुपारी एकला विहिरीवर उभा राहून मोटरच्या पाटीचा फोटो काढत होता, मेकॅनिकला पाठवायला. फोनचा उजेड एकदम मालवल्यासारखा झाला, पट्टी पूर्ण वर असूनही. "डिस्प्ले गेला बहुतेक, धुळ्याला टाकतो, दोन-तीन हजार लागतील." म्हटलं, थांब. ऊन ४४ अंशांचं, फोन तासभर खिशात, त्यात स्क्रीन पूर्ण उजेडावर. फोन तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच उजेड कमी करतो. कव्हर काढ, लिंबाखाली ठेव, पंधरा मिनिटांनी पाहा. आणि माठाला टेकवून ठेवू नको, फ्रिजमध्ये तर मुळीच नको, आत दमट धरेल. पंधरा मिनिटांनी फोन आला की आला उजेड. तीन हजार वाचवल्याबद्दल मला एक डांगर मिळालं.

नवी फ्रेम आखाजीच्या आदल्या दिवशी पोचली. मायनं या वेळी काही विचारलं नाही. डोळेही झाकून पाहिले नाहीत. पदरानं काच पुसली, आणि टोपीपाशी पुन्हा पुसली. घागर भरताना फोटो मागे होता, पुढे उदबत्ती, आणि आबांचा चेहरा तोच, 'आटपा लवकर'.

दुपारी आमरस-पुरणपोळी खाऊन सगळे आडवे झाले तेव्हा मायनं तिचा फोन माझ्यापुढे केला. हळू आवाजात म्हणाली, "माले काहीच दिखत नही."

नानानं तिच्यासाठी अक्षरं मोठी केली होती, पण पट्टी पार टोकाला नेलेली. अक्षरं इतकी मोठी की फोन उचलण्याचं, पुढे जाण्याचं बटणच कुठल्या कुठे ढकललं गेलेलं. सेटिंगमध्ये दोन वेगळ्या पट्ट्या असतात, एक फॉण्टची आणि एक डिस्प्ले साईजची. पहिली नुसती अक्षरं वाढवते, दुसरी चित्रं, बटणं, सगळंच. एकच ताणण्यापेक्षा दोन्ही थोड्या थोड्या वाढवल्या तर बटणं जागेवर राहतात. फॉण्ट दोन घरं मागे आणला, डिस्प्ले साईज एक घर वाढवली, ठळक अक्षरं चालू केली. स्क्रीन तीस सेकंदांत मालवत होती, ती दोन मिनिटांवर नेली. ती चौथी पास आहे, एकेक अक्षर लावून वाचते. तीस सेकंदांत तिचा मेसेज अर्धाही होत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. इतके दिवस तिला वाटत होतं की फोन तिच्यावर चिडून बंद होतो.

दुकानात एक म्हातारबाबा असेच आले होते मागे, "फोन फुगला" म्हणत. तीन वेळा टिचकी मारली की स्क्रीन मोठी होते ती सोय चुकून चालू झालेली. पुन्हा तीन टिचक्या मारल्या, फोन उतरला. त्यांनी दहा रुपये काढून दिले, मी घेतले नाहीत, तर ते रागावले.

सेटिंग झाल्यावर मायला आबा हवे होते, फोनच्या दर्शनी. लॉक स्क्रीनवर. टाकला फोटो, तर घड्याळ बरोबर टोपीवर. फोटो खाली ओढावा तर सरकेना. फोनची काच उंच आणि अरुंद, फोटो त्या मानानं रुंद. पूर्ण उंची भरायला फोन दोन्ही बाजू कापतो आणि वरखाली हलायला जागाच ठेवत नाही. ती म्हणाली, घड्याळ काढ. ते निघेना. मी म्हटलं, फोटो बदलू या, तो शेतातला टाकू. तिनं मान हलवली. टोपी दिसायला हवी होती.

मग मी कोऱ्या उंच चौकटीवर फोटो ठेवला. वरचा तिसरा हिस्सा मोकळा, फोटोच्याच पडद्याच्या रंगाचा, लग्नातला तो मेंदी रंगाचा पडदा. खाली आबा, खांद्यापर्यंत. पुन्हा टाकला. वर मोकळ्या जागेत घड्याळ, तीन वाजून दहा मिनिटं, आणि त्याच्या खाली टोपी, कड उजवीकडे झुकलेली.

मायनं फोन मालवला, पुन्हा लावला. पुन्हा मालवला, पुन्हा लावला.

"आते बठना," ती म्हणाली. आता बसला.